दहा दिवसांचे बाळ

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला.

त्या काळी बाळंतपण घरीच, बहुधा अंधाऱ्या, कोंदट खोलीत सुईणीच्या हातून होई. हात स्वच्छ धुणे, नाळ कापण्याचे हत्यार उकळून घेणे यांचे महत्त्व घरोघरी पोहोचलेले नव्हते. अस्वच्छ नाळेवाटे अर्भकास ग्रासणाऱ्या धनुर्वाताचे जंतू किटासातो या जपानी शास्त्रज्ञाने वेगळे केले, तेही १८८९ मध्ये. शिवाय पुरुष डॉक्टरपुढे जाण्याचा संकोच आणि स्त्री डॉक्टरचा अभाव, या पेचात कित्येक बाळंतिणी उपचाराविना राहत.

पुत्रवियोगानंतर आनंदीबाईंनी वैद्यक शिकण्याचा निर्धार केला. १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यांच्या साडीची चर्चा जेवढी होते, तेवढी या निवडीची होत नाही, हे नवलच.

११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. मात्र क्षयाने पोखरलेल्या अवस्थेतच त्या मायदेशी परतल्या होत्या. ते पद सांभाळण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.