झोपाळ्यामागचे शास्त्र : जीन एअर्स यांचे जीवनकार्य

मूल बोलण्यात हुशार असते, पण सदऱ्याची बटणे लावता लावता शाळेची वेळ टळून जाते. पेन्सिल इतक्या जोराने दाबली जाते की कागद फाटतो. झोपाळ्यावर बसवले तर ते भेदरून रडते. अशा मुलाला घरी वेंधळे आणि शाळेत आळशी ठरवले जाई, आणि अनेक घरांत आजही ठरवले जाते. या वेंधळेपणाचे मूळ स्वभावात नसून मेंदूच्या कार्यात शोधावे, असा आग्रह धरणाऱ्या अॅना जीन एअर्स यांचा जन्म १८ जुलै १९२० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विसेलिया येथे झाला. त्यांचे बालपण शेतावर गेले. शिकण्यातील अडचणी त्यांनी लहानपणी स्वतः अनुभवल्या होत्या.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९४५ मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची पदवी घेतली. मराठीतील हा शब्द काहीसा फसवा आहे. येथे व्यवसाय म्हणजे उदरनिर्वाहाचे साधन नव्हे, तर माणसाचा दिवस ज्या कृतींनी भरलेला असतो त्या सर्व कृती. लहान मुलाच्या बाबतीत जेवणे, कपडे घालणे, खेळणे आणि लिहिणे हाच व्यवसाय होय. भारतात या शाखेचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

रुग्णांबरोबर काम करताना एअर्स यांना हाताच्या व्यायामापलीकडचे प्रश्न पडू लागले. हात सुदृढ असूनही बटण का लागत नाही? उत्तरासाठी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी, १९६१ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट आणि त्यानंतर लॉस एंजेलिसच्या मेंदू संशोधन संस्थेत अभ्यास, असा त्यांचा प्रवास झाला.

१९७२ मध्ये त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धांत संवेदी एकात्मीकरण या नावाने ओळखला जातो. डोळे आणि कान यांचे महत्त्व सर्वांना ठाऊक होते. एअर्स यांनी लक्ष वेधले ते दुर्लक्षित संवेदनांकडे : त्वचेचा स्पर्श, अंतर्कर्णातून मिळणारी तोलाची जाणीव आणि स्नायू व सांध्यांतून कळणारी शरीराची स्थिती. बटण लावताना बोटे कोठे आहेत, किती जोर लावायचा, बसल्या जागी तोल कसा सांभाळायचा, हे मेंदू या संवेदनांची सांगड घालून ठरवतो. ही सांगड नीट बसली नाही तर साधी कृतीही डोंगराएवढी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांच्या उपचारकक्षात छताला टांगलेले झोपाळे आणि उतरणीवरून घसरणाऱ्या चाकांच्या फळ्या असत. पाहणाऱ्याला तो निव्वळ खेळ वाटे. प्रत्यक्षात मुलाची ओढ कशाकडे आहे हे पाहून, त्याला जेमतेम पेलेल एवढेच आव्हान पुढे ठेवले जाई. भेदरलेल्या मुलाला जबरदस्तीने झोका देणे या पद्धतीत बसत नाही. तिचे नाव घेऊन चालणाऱ्या काही ठिकाणी याचाच विसर पडतो, ही खेदाची बाब आहे.

एअर्स केवळ उपचार करून थांबल्या नाहीत. मुलांच्या अडचणी मोजता याव्यात म्हणून त्यांनी चाचण्या तयार केल्या आणि संख्याशास्त्राच्या आधारे अडचणींचे प्रकार वेगळे केले. तरीही त्यांच्या निष्कर्षांना स्वतःच्या क्षेत्रातूनही कडवा विरोध झाला. १६ डिसेंबर १९८८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात ज्यावर त्यांनी परिश्रम घेतले तो १७ चाचण्यांचा संच पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

वाद त्यांच्यामागेही संपला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये संवेदी विकार हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असा सल्ला दिला आणि उपचाराच्या परिणामांबाबतचा पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असेही सुचवले. मात्र २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत आवाज, स्पर्श आदींना मिळणाऱ्या तीव्र किंवा मंद प्रतिसादाचा समावेश झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२ स्वमग्न मुलांवरील एका चाचणीत, प्रत्येक मुलासाठी ठरवलेली दैनंदिन उद्दिष्टे गाठण्यात या उपचाराचा लाभ दिसला. तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३८ मुलांवरील ब्रिटिश चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा तो सरस ठरला नाही. आज या पद्धतीचे मूल्यमापन करताना संशोधक मूल किती झोके घेते हे पाहत नाहीत. ते स्वतः कपडे घालू लागले का, सर्वांबरोबर जेवायला बसू लागले का, याची नोंद घेतात.