जोखीम वाटून घ्यायला शिकवणारे विठ्ठलराव

उद्योगातील धोके आज सभागृहाच्या पडद्यावर, स्लाइडवरील लाल, पिवळ्या व हिरव्या चौकटींतून गुंतवणूकदारांना दाखवले जातात. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांच्यापाशी असा पडदा नव्हता. कोरडवाहू आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांनी आपली तुटपुंजी पुंजी साखर कारखान्यात घालावी, हे मात्र त्यांना पटवून द्यायचे होते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. सावकारी पाशातून गावाची सुटका व्हावी म्हणून त्यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक सहकारी पतपेढी उभी केली.

भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांतून आले आणि प्रवरा खोऱ्यात ऊस बहरला. तथापि गुळाचा भाव कोसळला की शेतकऱ्याचे वर्ष बुडे. परिसरातील खासगी कारखान्यांनी जमिनी खंडाने घेतल्या होत्या. साखरेचा नफा त्यांच्याकडेच जाई. १९४५ मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बेलापूर येथे बागायतदारांची परिषद भरली. तेथे शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचा विचार पुढे आला आणि विठ्ठलरावांनी तो उचलून धरला.

शेतकऱ्यांची शंका रास्त होती. यंत्रे महाग, अनुभव शून्य. पैसे बुडाले तर घरदार धोक्यात येणार. विठ्ठलराव भागभांडवलासाठी गावोगाव हिंडले. त्यांच्या पाठीशी शब्दांहून भक्कम असा पुरावा होता: पतपेढीचा पाव शतकाचा कारभार सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. सहकारी रचनेत जोखीमही विभागली गेली. सभासदाची जबाबदारी त्याच्या भागांपुरती राहिली. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांच्या पाठिंब्याने शासनाने भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले आणि गाडगीळांनी अध्यक्षपद स्वीकारले. धोका नाहीसा झाला नव्हता, पण तो एकट्या शेतकऱ्याच्या शिरावर उरला नव्हता.

१९५०-५१ मध्ये प्रवरानगर येथे महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. गाळपक्षमता दररोज सुमारे ५०० टन होती. दुरून दिसणारे धुराडे हेच आता शेजारच्या तालुक्यांसाठी बोलके चित्र ठरले. पुढील दशकात राज्यात एकामागून एक सहकारी कारखाने उभे राहिले आणि साखरेच्या बळावर प्रवरा परिसरात शाळा, महाविद्यालये व रुग्णालय आले.

१९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले. नंतरच्या काळात अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले. जोखीम सभासदांसमोर उघडपणे मांडण्याची सवय जेथे सुटली, तेथे विश्वासाची ही पुंजीही आटत गेली.