व्हॅलेरी लेगासोव्ह : अणुभट्टीला आवर घालताना

चेर्नोबिल म्हटले की २६ एप्रिल १९८६ च्या पहाटेचा स्फोट आठवतो. त्या स्फोटानंतर चौथ्या अणुभट्टीला आवर घालण्याची जी झुंज सुरू झाली, तिच्या केंद्रस्थानी होते रसायनशास्त्रज्ञ व्हॅलेरी अलेक्सेयेविच लेगासोव्ह. १ सप्टेंबर १९३६ रोजी रशियातील तुला या शहरात त्यांचा जन्म झाला. मॉस्कोच्या मेंडेलेयेव्ह संस्थेत शिक्षण घेतल्यावर त्यांनी निष्क्रिय समजल्या जाणाऱ्या वायूंच्या संयुगांवर मोलाचे संशोधन केले. १९८१ मध्ये ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले आणि पुढे कुर्चातोव्ह अणुऊर्जा संस्थेचे प्रथम उपसंचालक. अणुभट्टीची रचना हा त्यांचा विषय नव्हता. तरीही दुर्घटनेच्याच दिवशी, बोरिस शेर्बिना यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी आयोगाचे सदस्य म्हणून ते घटनास्थळी दाखल झाले.

समोरचे संकट नेहमीच्या आगीसारखे नव्हते. अणुभट्टीतील साखळी अभिक्रिया थांबली तरी विखंडनातून निर्माण झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णता देतच राहतात. पूर्ण क्षमतेने चालणारी भट्टी बंद केल्याक्षणी ही उष्णता त्या क्षमतेच्या सहा ते सात टक्के असते, तर दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ३२०० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत हा अर्धा टक्काही १६ मेगावॉट भरतो. ती वाहून नेणारे पाणी सतत फिरते राहिले नाही, तर इंधन वितळू लागते. चेर्नोबिलमध्ये पाण्याच्या नळ्याच फुटल्या होत्या आणि गाभ्यातील ग्राफाइट जळत होते.

दुसरी अडचण माहितीची. केंद्रातील नेहमीच्या मोजमापकांचे काटे टोकाला जाऊन अडकले होते. भट्टीत अभिक्रिया अजून चालू आहे काय, हेही कळत नव्हते. लेगासोव्ह चिलखती गाडीतून भट्टीजवळ गेले. पण तीव्र गॅमा किरणांमुळे न्यूट्रॉनची मोजणी विश्वासार्ह ठरेना. अखेर आयोडिनच्या अल्पायुषी व दीर्घायुषी समस्थानिकांच्या प्रमाणावरून अभिक्रिया थांबल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

प्रत्येक उपायाला दुसरी बाजू होती. प्रथम सोडलेले पाणी गाभ्यापर्यंत न पोहोचता खालच्या मजल्यांत साचले. मग हेलिकॉप्टरमधून बोरॉन, शिसे, डोलोमाइट, वाळू आणि चिकणमाती असा सुमारे पाच हजार टन माल टाकण्यात आला. बोरॉन न्यूट्रॉन शोषणार होते, तर वाळू व माती किरणोत्सर्गी धूळ अडवणार होती. मात्र याच थराखाली उष्णता कोंडण्याची भीती होती आणि बराचसा माल गाभ्यात पडलाच नव्हता, हे पुढे उघड झाले. वितळलेले इंधन खालच्या पाण्यात उतरले, तर वाफेचा स्फोट होईल, या शंकेने ते पाणी काढून टाकावे लागले. किरणोत्सर्गाचा मोठा उत्सर्ग सुमारे दहा दिवस चालला. दरम्यान, तज्ज्ञांच्या आग्रहानंतर २७ एप्रिलला प्रिप्यात शहर रिकामे करण्यात आले. लेगासोव्ह यांना स्वतःलाही किरणोत्सर्गाची मोठी मात्रा सोसावी लागली.

ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांनी जगभरच्या तज्ज्ञांपुढे दुर्घटनेचे सविस्तर निवेदन केले. त्याच्या मोकळेपणाने अनेक जण प्रभावित झाले, तरी दोषाचा मुख्य भार चालकांवरच राहिला. नियंत्रक कांड्यांसह भट्टीच्या रचनेतील दोषांना योग्य ते महत्त्व आंतरराष्ट्रीय अहवालात मिळाले ते १९९२ मध्ये. मायदेशी सुरक्षिततेविषयीच्या व संस्थेतील सुधारणांच्या त्यांच्या आग्रहाला विरोध झाला. प्रकृती खालावली, निराशा वाढली. आपल्या आठवणी ध्वनिफितींवर नोंदवून ठेवणाऱ्या लेगासोव्ह यांनी २७ एप्रिल १९८८ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, जीवनयात्रा संपवली. १९९६ मध्ये त्यांना मरणोत्तर 'रशियन महासंघाचा वीर' हा किताब देण्यात आला.

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. परंतु त्सुनामीने वीजपुरवठा तोडला आणि उरलेल्या उष्णतेनेच तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. भट्टी बंद करणे क्षणाचे काम असते. ती थंड ठेवण्याची व्यवस्था मात्र संकटापूर्वीच सज्ज असावी लागते. संकट ओढवल्यावर ती उभारणे किती कठीण असते, हे लेगासोव्ह यांनी स्वतःच्या प्राणाचे मोल देऊन अनुभवले होते.