वाक्समन सर आणि त्यांचा विद्यार्थी

आपल्या लहानपणी क्षयरोगाची धास्ती घरोघरी होती. त्यामुळे स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनचे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते तयार होत असे. या औषधाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या सेलमन वाक्समन यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. १९१० मध्ये ते अमेरिकेत आले. न्यू जर्सीतील रटगर्स येथे शेतीशास्त्र शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. मातीतले सूक्ष्मजीव हा त्यांचा जन्मभराचा विषय. मातीत एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला मारतो, तर औषधही मातीतच शोधावे, या विचाराने त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले. ‘अँटिबायोटिक’ हा शब्द आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केला.

१९४३ साली त्यांचा २३ वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शात्झ याने तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन शोधले. क्षयाच्या ज्या जंतूंवर पेनिसिलिन चालत नव्हते, त्यांच्यावर ते चालले. १९४८ मध्ये दोघांच्या नावे पेटंट मिळाले. दोघांनी आपले हक्क रटगर्सच्या प्रतिष्ठानाला दिले होते. त्याआधीच वाक्समन यांनी मर्क कंपनीला तिचा एकाधिकार सोडायला राजी केले होते. त्यामुळे अनेक कंपन्या हे औषध बनवू शकल्या.

पण रॉयल्टीतला वाटा वाक्समन यांना मिळत होता आणि शात्झला ते ठाऊक नव्हते. कळल्यावर १९५० मध्ये त्याने गुरूंवरच दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली. शात्झ सहसंशोधक ठरला. त्याला ३ टक्के, वाक्समन यांना १० टक्के आणि प्रयोगशाळेतील इतरांना मिळून ७ टक्के असे वाटे ठरले. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले. आपल्या वाट्यातील निम्मी रक्कम त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रतिष्ठानाला दिली. १६ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. रटगर्सने शात्झचा पदक देऊन गौरव केला, तो १९९४ मध्ये.

दिशा गुरूंची होती, हात विद्यार्थ्याचे होते. दोन्ही खरे असताना एकाच नावाचा गाजावाजा झाला आणि एक चांगले नाते कायमचे तुटले.

अवघड गणित वर्गातल्या मुलाने सोडवले, तर त्याला उभे करून त्याचे नाव साऱ्या वर्गाला सांगणारे शिक्षक आपल्याला लाभले. त्या वेळी ती साधी गोष्ट वाटे. वाक्समन यांचे चरित्र वाचल्यावर तिचे मोल कळले. आपल्या सर्व गुरुजनांना त्याबद्दल मनापासून नमस्कार.