लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट आणि वऱ्हाडातील वाट

अंजनगाव सुर्जीहून पूर्वेस निघाले की डाव्या हातास सातपुड्याची रांग दिसते आणि ठिकठिकाणी संत्र्यांचे बगीचे लागतात. अचलपूर, चांदूर बाजार आणि पुढे श्रीक्षेत्र रिद्धपूर अशी ही वाट. या गावांची थोरवी सांगताना लोक बहुधा राजकारणाच्या खुणा दाखवितात. अंजनगाव सुर्जीस ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांचा तह झाला. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. परंतु त्या तहाच्या सुमारे सव्वापाचशे वर्षे आधी याच वाटेच्या टोकाशी बसून एका पुरुषाने जे लिहिले, त्याचे मोल कोणत्याही तहनाम्याहून अधिक आहे.

पंडित म्हाइंभट मूळचे सराळे येथील. गणपत आपयो हे त्यांचे विद्यागुरू. शास्त्रांचा व्यासंग गाढा, आणि त्याबरोबर विद्येचा अभिमानही तेवढाच. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींना वादात जिंकावे या हेतूने ते गोदातीरी डोमेग्रामास गेले. तेथे त्यांचा अभिमान गळाला व जिज्ञासा जागी झाली. पुढे त्यांनी संन्यस्त मार्ग स्वीकारला.

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर श्रीनागदेवाचार्य भक्तपरिवारासह रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. वियोगाचे दुःख सर्वांनाच होते. म्हाइंभटांना आणखी एक चिंता लागली. स्वामींचे वचन आज भक्तांच्या स्मरणात आहे. हे भक्त गेल्यावर ते कोठे राहणार? आचार्यांच्या अनुमतीने त्यांनी लीळा मिळविण्याचा उद्योग आरंभिला. प्रथम आचार्यांना विचारले, मग ज्यांना ज्यांना स्वामींचे दर्शन घडले होते त्यांच्यापर्यंत ते पायी गेले. सांगणारा विद्वान की अडाणी, पुरुष की स्त्री, हे त्यांनी पाहिले नाही. ज्याच्या दृष्टीसमोर घडले त्याच्या मुखातून ऐकावे, आणि आचार्यांकडून त्याची खातरी करून घ्यावी, ही त्यांची रीत. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास रिद्धपूर येथे वाजेश्वरीच्या स्थानी लीळाचरित्र आकारास आले.

श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनीच सिद्ध केले. त्यातील एका लीळेत मातंगांच्या विनवणीवरून प्रभू विहिरीसाठी पाण्याची जागा दाखवितात. आज ज्या मुलखातील बगीचा विहिरीच्या पाण्यावर जगतो, तेथील वाचकास या लीळेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. म्हाइंभटांच्या काळी येथे संत्रे नव्हते. ते पुष्कळ नंतर आले. तहान मात्र तीच होती, आणि पाण्यापासून दूर ठेवलेली माणसेही होती.

लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. तरी ग्रंथ बुडाला नाही. हिराइसांसारख्यांना तो मुखोद्गत होता, त्यावरून तो पुन्हा लिहिला गेला. पाठ सिद्ध करणाऱ्यांनी जेथे स्मरणात भेद आढळला तेथे एक पक्ष पुसून टाकला नाही, दोन्ही नोंदविले. अशा पाठभेदास पंथात ‘वासना’ म्हणतात.

सूत्रपाठाचा अभ्यास करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. केशिराजबासांनी लीळांतून वचने निवडून सूत्रे लावली. सूत्र हाती आले, पण ते कोणास, कोठे, कोणत्या प्रसंगी निरूपिले हे ठाऊक नसेल तर अर्थ भलतीकडे जातो. प्रकरण कळले की सूत्र उलगडते. म्हाइंभटांनी प्रसंगासह वचन राखले, म्हणून आज निरूपण करता येते.

२०२४ साली रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. म्हाइंभटांच्या श्रमाची ही उचित पावती होय. परंतु विद्यापीठ ग्रंथ सांभाळील. स्थानाची स्मृती सांभाळणे आपणा साधकांकडे व उपदेशी मंडळींकडे आहे. ओट्यास दंडवत घालून परतताना तेथील लीळा गावातील वृद्धास विचारावी, ऐकलेले पोथीशी ताडून पाहावे आणि मुलांना सांगावे. रस्ता रुंद झाला, शेत विकले गेले, जुने नाव बदलले, म्हणजे स्थान दिसूनही ओळखू येत नाही. म्हाइंभट चालले ते याच भयाने. आणि ते भय अद्याप सरलेले नाही.