रोज लिहिणारे साने गुरुजी

मुलांनो, रोज थोडे थोडे लिहिण्याने काय साधते? साने गुरुजींचे चरित्र वाचा, म्हणजे कळेल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरी गरिबी होती. १९१७ मध्ये आई वारली, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. आईची शेवटची भेट झाली नाही. ही खंत त्यांच्या मनात कायम राहिली.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत. शाळेचे काम सांभाळून ते हे लेखन करीत.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्यांना तुरुंगवास झाला. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणी गोष्टीरूपाने लिहायला घेतल्या. स्वतःला त्यांनी श्याम हे नाव दिले. पाच दिवसांत ३६ गोष्टी लिहून झाल्या! लिहिण्याची सवय होती, म्हणूनच मनातले दुःख कागदावर उतरले. हेच 'श्यामची आई' हे पुस्तक. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. पुस्तक मात्र आजही घरोघरी वाचले जाते.

मुलांनो, तुम्हीही एक वही करा. रोज एक लहानशी गोष्ट लिहा. ती अम्मीची असो, नाहीतर मोसंबीच्या बागेतली. पाच ओळी पुरेत. मराठी शब्द अडला तर तो उर्दूत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारा. पण एकही दिवस चुकवू नका.