थंड हवेतून ऊब काढणारा माणूस

गणितात सेल्सिअसचं केल्विन करायला 273 मिळवायचे, एवढीच आपली केल्विनशी ओळख. ते विसरलं की मार्क जातात आणि मग तो आठवतो. मी मेकॅनिकलचा. रेफ्रिजरेशन शिकताना हीट पंप भेटला, त्याचं मूळ शोधत मागे गेलो, तर तिथेही हाच माणूस उभा! म्हणून म्हटलं, यंदा मॅगझिनसाठी याच्यावरच लिहू.

विल्यम थॉमसन 26 जून 1824 रोजी बेलफास्टमध्ये जन्मला. योगायोग असा की त्याच वर्षी पॅरिसमध्ये सादी कार्नोचं उष्णतेच्या इंजिनांवरचं छोटंसं पुस्तक निघालं. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. वडील गणिताचे शिक्षक. पुढे ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि सगळं बिऱ्हाड स्कॉटलंडला आलं. तिथे दहाव्या वर्षी विल्यमचं नाव विद्यापीठात घातलं गेलं. आपण त्या वयात पाढे पाठ करत होतो! पुढे केंब्रिजला जाऊन 1845 साली तो सेकंड रँग्लर झाला. रँग्लर म्हणजे काय, हे परांजप्यांमुळे आपल्याला सांगायला नको.

केंब्रिजनंतर तो पॅरिसला रेन्योच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे वाफेची काटेकोर मापं घेण्याचं काम चालायचं. कार्नोबद्दल वाचल्यावर त्याने त्या पुस्तकासाठी पॅरिसची दुकानं पालथी घातली, पण ते मिळेना. कार्नो तर 1832 सालीच कॉलऱ्याने वारला होता, वय फक्त 36. त्याला जवळजवळ सगळे विसरले होते.

1846 साली, वयाच्या 22 व्या वर्षी, थॉमसन ग्लासगोत प्राध्यापक झाला आणि 1899 पर्यंत तिथेच शिकवत राहिला. म्हणजे 53 वर्षं एकच खुर्ची. 1848 साली त्याने निरपेक्ष तापमानाचं माप मांडलं, तेच आपलं केल्विन. दरम्यान 1847 साली ऑक्सफर्डच्या एका सभेत त्याची जूलशी गाठ पडली होती. जूलचं म्हणणं, उष्णता आणि काम एकमेकांत बदलतात. कार्नोचं म्हणणं, पाणी उंचावरून खाली येताना चाक फिरवतं तशी उष्णता गरमाकडून थंडाकडे जाताना काम करते. दोन्ही खरं कसं, या कोड्याने थॉमसनला काही वर्षं छळलं. 1851 च्या सुमारास ते सुटलं आणि त्यातूनच थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम त्याने आपल्या पद्धतीने मांडला.

आता 1852. याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि याच वर्षी त्याने इमारती गरम किंवा थंड करण्याच्या काटकसरीवर एक निबंध वाचला. ग्लासगोच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या आणि घराघरात शेगड्या पेटायच्या. पण उघड्या शेगडीची बरीचशी ऊब धुराबरोबर चिमणीतून निघून जाते. थॉमसनचा मुद्दा त्याहूनही खोल होता. चिमणीतून काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तरी शेकडो अंशांची आग फक्त खोली विशीत ठेवायला वापरणं ही उधळपट्टीच. पाणी उंचावरून पडतंय आणि वाटेत चाकच नाही, त्यातला प्रकार.

मग त्याने उलटा विचार केला. इंजिनात उष्णता खाली येते आणि काम मिळतं. तर काम देऊन उष्णता वर का चढवू नये? त्याचं यंत्र साधं होतं. बाहेरची हवा एका सिलिंडरमध्ये प्रसरण पावते आणि बाहेरच्यापेक्षाही गार होते. ती पातळ धातूच्या भिंतींच्या टाकीतून जाताना बाहेरच्या थंड हवेकडून उष्णता घेते. मग दुसरा सिलिंडर तिला दाबतो, ती गरम होते आणि घरात सोडली जाते. आपल्या फ्रीजची मागची जाळी कोमट लागते ना, तेच तत्त्व.

हिशोब करून बघा. 10 अंशांची हवा 27 अंशांवर न्यायची, तर आदर्श यंत्राला त्या उष्णतेच्या साधारण 35 व्या भागाएवढंच काम लागतं. वाफेच्या इंजिनाने कोळशाच्या उष्णतेतला दहावा भाग जरी कामात बदलला, तरी कागदावर त्या कोळशाच्या साडेतीन पट ऊब घरात येते!

पण ते यंत्र तेव्हा कुणी घरोघरी बसवलं नाही. कोळसा स्वस्त होता, हवेसाठी सिलिंडर अवाढव्य लागले असते आणि प्रत्येक घरात वाफेचं इंजिन कोण ठेवणार? वीज आणि रेफ्रिजरेशन पुढे गेल्यावर कल्पनेला हातपाय फुटले. 1938 साली झुरिकच्या टाऊन हॉलला लिम्माट नदीच्या पाण्यातून ऊब मिळू लागली.

थॉमसन मात्र तोवर दुसऱ्याच कामांनी गाजला. अटलांटिकखालची तार 1858 साली काही आठवड्यांत बंद पडली. 1866 साली ती यशस्वी झाली, त्यात त्याचा मोठा हात होता आणि त्याला सर ही पदवी मिळाली. तो चुकायचाही. 1862 साली त्याने पृथ्वीचं वय 2 ते 40 कोटी वर्षं काढलं, प्रत्यक्षात ते साडेचारशे कोटींवर आहे. समीकरण चोख होतं, गृहीतक कच्चं.

म्हणूनच हीट पंपाचीही गृहीतकं तपासू. 100 युनिट उर्जेतून चांगला गॅस बॉयलर साधारण 90 युनिट ऊब देतो, विजेचा हीटर 100, तर हीट पंप सरासरी 300 च्या आसपास. मग प्रश्नच मिटला? नाही. विजेचं युनिट गॅसच्या तिप्पट-चौपट महाग असेल तर बिल जिथल्या तिथे राहतं. शिवाय बाहेर 0 अंश असताना 45 अंशांचं पाणी हवं असेल, तर आदर्श गुणक 7 येतो. तेच पाणी 70 अंशांचं मागितलं की 4.9. प्रत्यक्षात साधारण निम्माच धरायचा. जुन्या घरांतले छोटे रेडिएटर कडक पाणी मागतात, म्हणून नुसता पंप बसवून भागत नाही. आधी भिंतींतून, फटींतून जाणारी ऊब रोखा, रेडिएटर मोठे करा, मग पंपाचा खरा फायदा दिसतो.

आपल्याला इथे खोली तापवायची नाही, पण आंघोळीचं पाणी आहेच. 20 लिटरची बादली 20 अंशांनी तापवायला रॉड जवळजवळ अर्धं युनिट खातो. गुणक 3 असलेला पंप तेच काम एक षष्ठांश युनिटात करेल. आता हॉस्टेलच्या बादल्या मोजा!

1892 साली थॉमसन लॉर्ड झाला आणि त्याने विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव घेतलं. 17 डिसेंबर 1907 रोजी तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ त्याला पुरलं. ती केल्विन नदी ग्लासगोतच क्लाइड नदीला मिळते. खाली क्लाइडबँक गावात 2020 च्या सुमारास एक मोठा हीट पंप सुरू झाला. तो क्लाइडच्या गार पाण्यातून उष्णता काढून इमारतींना ऊब पुरवतो. कोळशाच्या गावात केलेलं गणित तिथवर पोचायला 168 वर्षं लागली.